गावाच्या सामायिक हीटिंगसाठी दारोदार जाणारी माणसं तयार करायचीत, त्यांना काय शिकवू?

कृष्णाकाठ
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची वाळवा तालुक्यातली, गेली बारा वर्षं जर्मनीत. गॉटिंगेनपासून तासाभरावर, एकशेवीस उंबऱ्यांचं गाव. गॅसची लाइन इथवर कधी आलीच नाही. त्यामुळे तळघरागणिक तेलाची टाकी, तेलाचा बॉयलर आणि तेलाचा तो वास, जो पाहुण्याला दारातच येतो आणि घरच्यांना आयुष्यभर येत नाही.

गावाबाहेर एका शेतकऱ्याचा बायोगॅस प्लांट आहे. तिथल्या इंजिनावर वीज तयार होते. इंजिनाची थोडी उष्णता मका आंबवायच्या टाक्यांना लागते, उरलेली पंखा लावून हवेत सोडतात. डिसेंबरात, बाहेर उणे पाच असताना! ती उष्णता पाण्यात धरायची, कडाक्याच्या दिवसांसाठी लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा एक मोठा बॉयलर जोडीला ठेवायचा, आणि रस्त्याखालून दोन पाइप टाकून गरम पाणी घरोघर फिरवायचं, असा बेत आहे. एका पाइपातून पंचाहत्तर-ऐंशी डिग्रीचं पाणी येणार, दुसऱ्यातून गार होऊन परत जाणार. घरातला बॉयलर आणि टाकी निघणार, त्या जागी भिंतीवर लहान फ्रिजएवढी एक पेटी. याला इथे नाहवेर्मे म्हणतात, म्हणजे जवळची ऊब. मालकी सहकारी संस्थेची. आमच्या भागात हे नवीन नाही. युंडे नावाचं गाव २००५ मध्ये असंच स्वतःच्या बायोगॅसवर आलं, तेही गॉटिंगेनजवळच.

आता अडचण. पाइप महाग, माणसं कमी. इंजिनियरने ग्रामसभेत हिशेब मांडला. ऐंशी घरं आली तर २,६०० मीटर चर खणायची, आणि घरटी वर्षाला सरासरी २४,००० युनिट उष्णता धरली तर मीटरमागे ७४० युनिट विकली जाणार. पंचेचाळीसच घरं आली तर चर काही निम्म्यावर येत नाही, कारण गल्लीतनं मुख्य पाइप न्यावाच लागतो. ती २,२००, आणि मीटरमागे विक्री ४९०. शिवाय पाइप जमिनीत जी उष्णता गमावतो ती गिऱ्हाईक असो नसो गमावतोच. ऐंशी घरांत ती गळती १५ टक्के, पंचेचाळिसात २१. थोडक्यात, माझी ऊब स्वस्त की महाग हे माझ्या शेजाऱ्यावर ठरतं. म्हणून दारोदार फिरणं आलं.

मी त्या फिरणाऱ्यांपैकी एक. आम्हाला इथे 'लोत्से' म्हणतात, म्हणजे बंदरात जहाज आत आणणारा वाटाड्या. वसंतात आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शहरातून एक बाई आल्या होत्या. चौसष्ट स्लाइड. पहिल्या वीस वितळणाऱ्या बर्फाच्या, नंतर 'आक्षेप कसे हाताळावेत'. विमा एजंटांना शिकवतात तसलं. समोरचा म्हणाला 'महाग आहे' की तुम्ही म्हणायचं 'मी तुमची भावना समजू शकते'. मी घरी येऊन नवऱ्यावर प्रयोग केला, तो हसत सुटला.

आणि मग मी माती खाल्ली. आमच्या समोर एक आजोबा राहतात, वय ब्याऐंशी, रेल्वेत फिटर होते. त्यांचा बॉयलर १९९१चा, पण असा पुसलेला की त्यात तोंड बघावं. एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, युनिट केवढ्याला पडणार? मी प्राथमिक अंदाजातला आकडा ठोकून दिला, अकरा सेंट. सप्टेंबरात पक्का हिशेब आला. साडेतेरा सेंट, वर वर्षाला ४८० यूरो स्थिर आकार. मी सांगायला गेले तर आजोबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बोट केलं. एप्रिलच्या पानावर पेन्सिलने ११ लिहून त्याभोवती गोल काढला होता. बोलले काहीच नाहीत. कॉफी मात्र दिली नाही, आणि बारा वर्षांत ते पहिल्यांदा घडलं.

आता संस्थेने माझ्यावरच सोपवलंय की नवीन सहा जणांना तू तयार कर. दोन संध्याकाळी मिळणार. ३१ मार्चपर्यंत पंचाहत्तर घरांच्या पूर्वकरारावर सह्या हव्यात, आज एक्केचाळीस आहेत. सहा जणांत एक निवृत्त पोस्टवाली बाई, एक सुतार, दोन शिक्षक, एक कॉलेजचा मुलगा आणि एक गृहस्थ ज्यांना सगळं आधीच माहीत असतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? किंमत सांगायची की नाही, सांगायची तर कशी? ज्याला ही जोडणी खरंच परवडणार नाही त्याच्या दारात काय बोलायचं? आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला 'माझ्यानंतर घर कोण घेणार हेच ठाऊक नाही' असं वाटतं, त्याला मी तोंड वर करून दहा वर्षांचा करार कसा दाखवू?

---

फ्यूनवासी
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:१५

ताई, मी डेन्मार्कात, ओडेन्सला. इथे जवळपास दोन तृतीयांश घरं सामायिक हीटिंगवर आहेत, त्यामुळे प्रचारक वगैरे मी पाहिलेलेच नाहीत. १९७३ च्या तेलटंचाईत या देशाची पुरती तारांबळ उडाली, १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदाच केला. कुठल्या भागात गॅस, कुठल्या भागात सामायिक पाइप हे नगरपालिकांनी ठरवायचं, आणि जोडणीची सक्तीही करता यायची. नफा काढायला बंदी. वर्षाअखेरीस पैसे उरले तर पुढच्या वर्षी दर उतरतो. त्यामुळे आमच्याकडे वार्षिक सभेत लोक भांडतात ते पै-पैशावरून, आणि नंतर सगळे मिळून केक खातात.

तरी एक कामाची गोष्ट सांगतो. तुमच्या सहा जणांना थर्मामीटर वाचायला शिकवा. पेटीवर दोन असतात, येणाऱ्या पाण्याचा आणि परत जाणाऱ्या पाण्याचा. परतीचं पाणी जितकं गार, तितकी त्या घराने उष्णता नीट वापरली. आमच्या इथल्या पुष्कळ संस्था परतीचं पाणी गरम पाठवणाऱ्याला जास्त आकारतात, गार पाठवणाऱ्याला सूट देतात. माझं पहिलं बिल बघून मी चिडून फोन केला होता. त्यांचा माणूस आला, पाहुण्यांच्या खोलीतला एक रेडिएटर सताड उघडा होता तो अर्ध्यावर आणला आणि गेला. पुढच्या बिलात फरक. जोडणी होईपर्यंत सगळे गोड बोलतात, मग पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक घरात असं काहीतरी निघतं, आणि लोक आधी तुमच्या वाटाड्यालाच गाठणार. तेव्हा त्याला हे येत नसेल तर गाव म्हणेल, सही घेताना बरा आला होता.

---

भाडेकरू_पूर्व_लंडन
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी १:०५

मी वाईट बातमी घेऊन आलोय, माफ करा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मोठे गॅस बॉयलर आणि तिथून सगळ्या फ्लॅटना गरम पाणी. घेताना एजंट म्हणाला, सामायिक आहे, स्वस्त पडेल. २०२२ मध्ये गॅस भडकला. साध्या घरांच्या गॅसबिलावर सरकारी कमाल मर्यादा होती. आमची कंपनी गॅस व्यापारी दराने घेत होती, त्यामुळे आम्हाला ती मर्यादा लागूच नव्हती. महिन्याचं बिल तिप्पट झालं. दुसरीकडे जायची सोय नाही, कारण पाइप एकच आणि त्याचा मालक एकच. बायको बाळंतपणाच्या रजेवर होती. आम्ही हीटर बंद ठेवून एकाच खोलीत झोपायचो. तक्रार केली की मेलला मेल येत राहायचे. इथे ऑफजेम म्हणजे वीज-गॅसचा नियामक आता कुठे जानेवारी २०२६ पासून या जाळ्यांवर देखरेख करायला लागणार आहे.

म्हणून तुमच्या माणसांना हे शिकवा की दारातला माणूस 'नको' म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो. त्याने विचारायलाच हवेत असे प्रश्न तुम्हीच छापून त्याच्या हातात द्या. दर कशाच्या आधारावर वाढणार, त्याचं सूत्र कुठे लिहिलंय? बायोगॅसवाल्या शेतकऱ्याने उद्या प्लांट बंद केला तर? बॉयलर जानेवारीत बिघडला तर किती तासांत काय? घर विकलं तर करार कुणाच्या गळ्यात? या चारांची उत्तरं कागदावर नसतील तर कुणाच्याही दारात जाऊ नका, हे जरा कडक वाटेल, पण मी ती किंमत मोजलीय.

चांगलं उदाहरणही आहे, न्यायाला धरून तेही सांगतो. केंब्रिजशरमध्ये स्वॉफम प्रायर नावाचं तीनेकशे घरांचं खेडं आहे. तुमच्यासारखंच, गॅस नाही, बहुतेक घरं तेलावर. गावच्याच ट्रस्टने कल्पना काढली, काउंटी कौन्सिलला बरोबर घेतलं, आणि २०२२ पासून जमिनीतली नि हवेतली उष्णता ओढणाऱ्या मोठ्या हीटपंपांवर घरं जोडायला सुरुवात झाली. मी एकदा सायकलवर गेलो होतो बघायला. बघण्यासारखं काही नाही म्हणा, शेताच्या कडेला एक शेड. पण पबमधला माणूस त्याबद्दल बोलताना 'आमचं' म्हणत होता. आमच्या इमारतीत 'त्यांचं' म्हणतात.

---

पाटकऱ्याचा_नातू
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३०

कृष्णाकाठ ताई, तुम्ही जर्मनीत बसून जे विचारताय त्याचं उत्तर तुमच्या माहेरच्या शिवारात पुरलेलं आहे हो.

मी पंचगंगाकाठचा, सध्या पुण्यात. माझे आजोबा आमच्या गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे सचिव होते. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून माळावर चढणारी मोठी पाइपलाइन, वरती चेंबर, आणि चेंबरमधून प्रत्येकाच्या रानात पाणी. एकट्याची ऐपत नाही, सगळ्यांनी मिळून केलं तर होतं. तुमच्या गरम पाण्याचं नेमकं तसंच दिसतंय, फरक एवढाच की आमचं पाणी परत येत नव्हतं.

शेअर्स गोळा करायला आजोबांनी चार पोरं तयार केली होती. त्यातले एक आमचे धाकटे चुलते, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. पहिलं, आजोबांनी पोरांना आधी शेपटाकडच्या रानात पाठवलं. सगळ्यात लांबचा, उंचावरचा, ज्याला पाणी पोचेल की नाही अशी शंका. गावातले लोक म्हणायचे, आधी पाटलाला धरा, बाकीचे मागून येतील. आजोबा म्हणायचे, पाटील नदीजवळ आहे, त्याला पाणी मिळणार हे शेंबडं पोर सांगेल. शेपटाच्या माणसाने शेअर घेतला की मधल्यांची तोंडं आपोआप बंद. त्यासाठी त्या रानातल्या प्रेशरचा हिशेब इंजिनियरकडून आधी करून आणला होता, थापा नाहीत. तुमच्या गावात पाइपाच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं? त्याच्या घरात किती डिग्रीचं पाणी पोचणार? तो कागद घेऊन तिथून सुरुवात करा.

दुसरं, प्रश्नवही. शंभर पानी वही, डाव्या पानावर कुणी काय विचारलं, उजव्या पानावर उत्तर आणि तारीख. उत्तर येत नसेल तर पोराने जागेवर काहीही बोलायचं नाही, फक्त लिहायचं, 'आठ दिवसांत सांगतो', आणि आठव्या दिवशी उत्तर मिळालेलं नसलं तरी त्या दारात जाऊन 'अजून मिळालं नाही' एवढं सांगून यायचं. चुलते म्हणतात की सगळ्यात जास्त शेअर्स त्या 'अजून मिळालं नाही' वाल्या फेरीत निघाले.

तिसरं जरा नाजूक. ज्याची स्वतःची बारमाही विहीर होती त्याच्या दारात जाऊच नका असं आजोबांनी सांगितलं होतं. त्याला संस्थेत ओढला तर तो पाण्याची पाळी चुकल्यावर पहिला ओरडणार, आणि ओरडायचा त्याला हक्कही असणार. तुमच्याकडे ज्याने गेल्या वर्षीच हीटपंप बसवलाय तो हाच.

आणि फुशारकी नको म्हणून हेही सांगतो. आमच्या संस्थेत पुढे थकबाकी झाली, मोटारी जळाल्या, शेपटाकडच्या दोन रानांना उन्हाळ्यात पाणी पोचेना. आजोबांनी स्वतःचा शेअर विकून त्यातल्या एकाला बोअरला पैसे दिले. आजीने ते मरेपर्यंत बोलून दाखवलं.

जाता जाता गंमत. आपल्याकडे सोसायट्यांचा पहिला कायदा १९०४ चा. त्याच्या आधी मद्रासच्या निकल्सन साहेबाने युरोपातल्या पतसंस्था बघून अहवाल दिला होता, त्याचं सार दोन शब्दांत सांगतात, 'रायफायझेन शोधा'. तो रायफायझेन तुमच्या जर्मनीतला, खेड्यातला बर्गरमास्टर, म्हणजे सरपंचच. म्हणजे कल्पना तिकडून आमच्या पंचगंगेला आली आणि आता प्रश्नवही इकडून तिकडे चाललीय. फिटंफाट.

---

कृष्णाकाठ
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:२०

भाडेकरू दादा, चारही प्रश्न आजच संस्थेकडे पाठवले. दोघांची उत्तरं आहेत. घर विकण्याबद्दल म्हणाल तर करार पहिल्यांदा जास्तीत जास्त दहा वर्षांचाच करता येतो हे कायद्यातच आहे, आणि जानेवारीतल्या बिघाडाबद्दल म्हणाल तर ढलप्यांचा बॉयलर एकटा गाव कसाबसा ओढू शकतो. उरलेल्या दोघांवर अध्यक्ष म्हणाले, 'बघू'. मी म्हटलं, वहीत लिहिते.

नातू, तुम्ही माझी झोप घालवलीत. शेवटच्या टोकाला सुतारच राहतो. आपला सहातला सुतार.

---

कृष्णाकाठ
२२ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४:००

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं, पुढे काय झालं. बर्फ पडतोय, घरीच आहे, तर लिहिते.

पहिली संध्याकाळ सभागृहात घेतलीच नाही. सहाही जणांना माझ्या तळघरात बोलावलं. एकही स्लाइड नाही. बॉयलरच्या बाजूला बाकडी टाकली आणि प्रत्येकाच्या हातात माझीच गेल्या वर्षीची कागदपत्रं दिली. तेलाची पावती, धुराडंवाल्याचं बिल (इथे धुराडं साफ करणारा कायद्याने येतो, काळा पोशाख करून, आणि त्याला शिवलं की नशीब फळफळतं असं मानतात), सर्व्हिसिंगचं बिल. म्हटलं, माझ्या घराला एक युनिट ऊब कितीला पडते ते सांगा.

पाच जणांनी एकच उत्तर दिलं, दहा सेंट. हिशेब सरळ आहे. ३,००० लिटर तेल, लिटरला साधारण एक यूरो, लिटरमध्ये दहा युनिट. तीस हजार युनिटला तीन हजार यूरो. आणि नव्या पेटीचं साडेतेरा! सगळं जाणणारे गृहस्थ म्हणाले, मग आपण लोकांना फसवतोय का?

पोस्टवाली बाई तेवढी गप्प होती. ती उठली, धुराड्याच्या पाइपाला हात लावायला गेली आणि चटकन मागे घेतला. म्हणाली, हे जे वर चाललंय त्याचे पैसे कोण देतं?

तिथून संध्याकाळ सुटली. जुना बॉयलर तीस हजारांतली चोवीसेक हजार युनिटंच घराला देतो, उरलेली धुराड्यातनं आणि तळघराच्या भिंतीतनं जातात. मग धुराडंवाला आणि सर्व्हिसिंग मिळून ३००. पंप-बर्नरची वीज ८०. आणि जे कुणीच धरत नाही ते, बॉयलर कधीतरी मरतो. नवा पंधरा हजारांचा, वीस वर्षं टिकला असं धरलं तर वर्षाला ७५०. बेरीज ४,१३०, भागिले चोवीस हजार, सतरा सेंटांच्या वर. तिकडे चोवीस हजार युनिट साडेतेराने ३,२४० आणि स्थिर आकार ४८०, म्हणजे ३,७२०. फरक वर्षाला चारशेच्या आसपास. फार मोठा नाही, आणि तो फार मोठा नाही हेच दारात सांगायचं असं आम्ही ठरवलं. तेलावरचा कार्बनकर गेल्या वर्षी टनाला ५५ यूरो होता, लिटरमागे सतरा सेंटच्या आसपास, आणि तो तेलाच्या भावात आधीच धरलेला आहे. शिक्षक मंडळींना तो वेगळा मिळवून आकडा फुगवायचा मोह झाला होता, पोस्टवालीने खोडला.

दुसऱ्या संध्याकाळी नाटक केलं, पण उलटं. वाटाड्या मी झाले आणि ते सहा जण गिऱ्हाईक. प्रत्येकाने आपापल्या खऱ्या शेजाऱ्याची भूमिका करायची. सुताराने आपल्या सासूची केली, काय सांगू. दारोदार फिरायला लागल्यावर लक्षात आलं की कॉलेजच्या मुलाला लोकांच्या दारात फार वेळ उभं राहवत नाही, तो उत्तर तोंडात कोंबतो. त्याला प्रश्नवही दिली. आता तो सगळ्यांची वही सांभाळतो आणि आठव्या दिवशी ज्याच्या त्याच्या मागे लागतो. अनुदानाच्या अर्जाचं कामही त्याच्याकडे, कारण कागदांचा क्रम चुकला, अर्जाआधी काम सुरू केलं, की अनुदान गेलं. मूळ ३० टक्के, तेलाचा चालू बॉयलर काढणाऱ्या घरमालकाला आणखी २०, कमी उत्पन्नाला आणखी ३०, सगळं मिळून ७० च्या वर नाही. हे त्याला तोंडपाठ आहे, मला अजून कागद बघावा लागतो.

सर्वात चांगलं काम पोस्टवाली करते. एकोणसत्तर वर्षांची. तिला माहीत आहे कुठल्या घराची घंटा बिघडलीय, कुठल्या घरी मागच्या दाराने जायचं, कोण दुपारी झोपतं. जाते, तळघर दाखवा म्हणते, पावत्या मागते, तिथेच पेन्सिलने हिशेब मांडते आणि कागद ठेवून निघून येते. सही मागतच नाही. चार-पाच दिवसांनी लोक तिला फोन करतात. तिघांना तिने 'तुम्ही नका येऊ' असंही सांगितलं. दोघांकडे नवा हीटपंप आहे, आणि तिसरं घर इतकं नवं नि हवाबंद बांधलेलं की त्याला वर्षाला पाच हजार युनिटंही लागत नाहीत, स्थिर आकारातच मरेल. अध्यक्षांना ते आवडलं नाही. मी त्यांना नातूच्या आजोबांची बारमाही विहीर समजावून सांगितली, जर्मनमध्ये. विहीर कळली, बारमाही कळेना.

सुताराच्या घरापासून सुरुवात केली हे बरं झालं. शेवटच्या टोकाला अडुसष्ट डिग्री पोचणार असा कागद इंजिनियरने सहीशिक्क्यासह दिला. सुताराने तो आपल्या कार्यशाळेच्या दारावर डकवलाय, करवतीच्या भुश्यासकट.

आजचा आकडा एकसष्ट. मार्चअखेर पंचाहत्तर होतील का, देव जाणे. दर कशाने वाढेल त्याचं सूत्र आता पूर्वकरारात छापलंय. शेतकऱ्याने प्लांट बंद केला तर काय, याचं उत्तर अजून अर्धंच आहे आणि वहीत त्यापुढे सहा तारखा पडल्यात. फ्यूनवासी, थर्मामीटरचा तास जोडण्या झाल्यावर घेणार आहे, तुम्हाला व्हिडिओवर बोलावणार, तयार राहा.

आता समोरचे आजोबा. जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले. सोबत कुणी नाही, वही आणि हिशेबाचा कागद. आधी म्हटलं, एप्रिलमध्ये मी तुम्हाला अकरा सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग चष्मा लावून कागद वाचला, अगदी ओळ न् ओळ, आणि पेन्सिल घेऊन माझ्या ३०० वर काट मारली. म्हणाले, धुराडंवाला आणि सर्व्हिसिंग मिळून माझ्याकडे २६५, सर्व्हिसिंग मी स्वतः करतो, फक्त नोझल विकत आणतो. मग ७५० वर काट मारली, कारण त्यांचा बॉयलर चौतीस वर्षांचा आहे आणि अजून दहा वर्षं जाईल असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबाने त्यांना जोडणी महागच पडत होती. बरोबर होतं त्यांचं. मी तसं म्हटलं.

सही केली नाही त्यांनी. कॉफी दिली. मी निघताना ते तळघरात गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात १९९१ पासूनची तेलाची एकूण एक पावती, वर्षवार, रबर लावून. १९९८ ला केवढ्याला भरलं, २००८ ला केवढ्याला, २०२२ ला केवढ्याला, सगळं. म्हणाले, तुझ्या त्या पोरांना शिकवायला वापर, पण क्रम बिघडवू नको.

झेरॉक्स काढून झाल्यात. डबा उद्या परत द्यायचाय.